बारावा कागद

टेस्तूर, सोमवार, ९ जानेवारी २०१२
टपालाने

लॅबोरेटरीच्या व्यवस्थापकांस सलाम.

मी लारूसी झ्वारी. टेस्तूरमध्ये मोठ्या मशिदीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पूर्वी तिथे टेलिफोनच्या चार खोल्या होत्या, लोक रांग लावून फ्रान्सला फोन करायचे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणून त्या खोल्यांत मी वह्या आणि पेनं ठेवतो. फॅक्सचं यंत्र मात्र अजून चालू आहे. कधी तेलाच्या घाण्याचा मालक येतो, कधी वकिलाचा कारकून, तेवढंच त्याला काम.

गेल्या गुरुवारपासून या यंत्रातून तुमच्या लॅबचे रिपोर्ट बाहेर पडताहेत. रक्ताचे, लघवीचे, एक थायरॉइडचा. आजपर्यंत अकरा आले. वर तुमचं नाव आणि ट्युनिसचा पत्ता, खाली सही. माझ्या घरात कुणी रक्त तपासायला दिलेलं नाही.

रिपोर्टवर छापलेल्या फॅक्स नंबरवर मी शेजाऱ्याकडून दोनदा फोन केला. एक बाई फ्रेंचमध्ये सांगते की इथे फक्त फॅक्स घेतले जातात, आणि फोन बंद होतो. लॅबच्या दुसऱ्या नंबरवर वीस मिनिटं गाणं ऐकलं. गाणं पाठ झालं, माणूस काही आला नाही. म्हणून पत्र लिहितो आहे.

कागद पालथे करून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. फक्त नावं वाचली, ती वाचल्याशिवाय कुणाचे आहेत ते कळलं नसतं. बहुतेक इथलीच माणसं आहेत, अर्धी माझी गिऱ्हाइकं. माझी बायको महर्जिया म्हणते, "टाकून दे ते. उद्या गावभर होईल की लारूसीला सगळ्यांची साखर ठाऊक आहे." पण कुणीतरी या कागदांची वाट बघत असणार. काय करायचं ते कळवावं.

लारूसी झ्वारी


ट्युनिस, गुरुवार, १२ जानेवारी
फॅक्सने

सी लारूसी झ्वारी यांस सलाम.

तुमचं पत्र आज मिळालं. मी दोर्साफ खमीरी. लॅबच्या ऑफिसात रिपोर्ट पाठवण्याचं काम माझ्याकडे आहे. दोन तारखेपासून आम्ही जुनं यंत्र काढून टाकलं आणि कॉम्प्युटरवरून, इंटरनेटने फॅक्स पाठवायला लागलो. रिपोर्ट जोडायचा, नंबर टाकायचा, बटण दाबायचं. पाच मिनिटांत हिरव्या अक्षरांत 'पोचले' असं येतं.

तुम्ही लिहिलेल्या दिवसांत टेस्तूरच्या दवाखान्याला पाठवलेले सगळे फॅक्स आमच्याकडे 'पोचले' असेच दिसताहेत. त्यामुळे चूक आमच्या बाजूची नसावी. दवाखान्यातल्या कुणी तुमच्या दुकानात प्रती काढल्या असतील, किंवा टेलिफोन खात्याने लाइनींची गडबड केली असेल. नमुन्यादाखल एक कागद टपालाने पाठवावा, म्हणजे चौकशी करता येईल.

दोर्साफ खमीरी

ता. क. हे पत्र तुम्हाला फॅक्सनेच पाठवू म्हटलं. तुमच्या पत्रावर दुकानाचा शिक्का आहे, त्यावरचा नंबर टाकत होते. सहा आकडे टाकले आणि पुढचे दोन, तुमच्या शिक्क्यावरचेच, कॉम्प्युटरने स्वतःच भरले. शेजारी नाव आलं, 'टेस्तूर दवाखाना'. मी कपाटातली जुनी वही काढून बघितली. दवाखान्याच्या आणि तुमच्या नंबरात शेवटून दुसरा आकडा तेवढा वेगळा आहे. यादीत नंबर चुकीचा पडला आहे. वरचं सगळं रद्द समजा. पुन्हा लिहीत बसत नाही, कारण हे लवकर निघायला हवं. कागद दवाखान्यात नेऊन देता येतील का? मीही सगळे पुन्हा पाठवते आहे.


टेस्तूर, शुक्रवार, १३ जानेवारी
फॅक्सने

दोर्साफ बाईंना सलाम.

तुमचा फॅक्स आला तेव्हा महर्जिया दुकानातच होती. म्हणाली, "घे, पोर झालं वाटतं तुझ्या यंत्राला, रोज एक प्रसवतंय." वाचल्यावर मात्र तिने मला कोट काढून दिला.

मी लगेच दवाखान्यात गेलो. मबरूका नावाची नर्स आहे, तिच्या हातात अकरा कागद मोजून दिले. तिने एकेक नाव वाचलं आणि प्रत्येकाला एकेक सुस्कारा टाकला. एका म्हातारीला त्यांनी पुन्हा रक्त द्यायला ट्युनिसला धाडलं होतं, इतका वेळ रिपोर्ट नाही म्हणून. डॉक्टर तर म्हणत होते की लॅब बदलू.

माझा मोबाइल नंबर तुम्ही विचारू नये म्हणून आधीच सांगतो, मी तो बाळगत नाही. माझं दुकान त्यानेच बुडवलं. दुकानाच्या फोनचा रिसीव्हर मोडल्यापासून यंत्र स्वतःच उचलतं, त्यामुळे फोन केलात तर शिट्टी ऐकू येईल. काही असेल तर असंच लिहून पाठवा.

लारूसी


ट्युनिस, सोमवार, १६ जानेवारी
फॅक्सने

सी लारूसी,

तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही, म्हणून ते पुढच्या पत्रावर ठेवते. तुमचं अक्षर फार फिकट आलं, अर्धं अंदाजाने वाचलं. काळ्या पेनने आणि थोडं मोठं लिहाल का?

आता अडचण. यादीत नंबर दुरुस्त केला आणि सगळे रिपोर्ट दवाखान्याला पुन्हा लावले. चार वेळा लाल अक्षरांत आलं, 'उत्तर नाही'. आधी इंटरनेट तपासलं, मग फाइल लहान करून बघितली, मग देशाचा आकडा पुढे लावून बघितला. शेवटी दवाखान्यात फोन केला. तुमची ती मबरूका म्हणाली, "कुणीतरी सारखं फोन करतंय आणि कानात किंचाळतंय, मी ठेवून देते." तिचा फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर आहेत. किंचाळणारी मीच होते. तिला सांगितलंय की शिट्टी ऐकू आली तर ठेवायचं नाही, यंत्राचं हिरवं बटण दाबायचं. उद्या पुन्हा बघू.

दुसरी गोष्ट. पाच ते नऊ तारखेच्या यादीत टेस्तूरला गेलेले फॅक्स मोजले. ते बारा आहेत, तुम्ही दोन्ही पत्रांत अकरा लिहिलेत. बाराव्याच्या पुढेही 'पोचले' असंच आहे. अर्थात 'पोचले' म्हणजे कुठल्या तरी यंत्राने हो म्हटलं, एवढंच, हे आता मला कळलंय. कागद अडकला असेल किंवा टेबलामागे पडला असेल तर बघाल का? आमच्या मॅडमना सगळ्याचा हिशोब हवा आहे. नंबर इंटरनेट फॅक्सवाल्या कंपनीच्या यादीतून बिघडला, असं मी त्यांना सांगितलंय.

दोर्साफ


टेस्तूर, मंगळवार, १७ जानेवारी
फॅक्सने

दोर्साफ बाई,

काळं पेन घेतलं आहे. दुकानात साठ आहेत.

टेबलामागे बघितलं. तिथे काही नाही. त्या दिवसांत एकदा कागदाचं रीळ संपलं होतं, तेव्हा एखादा गेला असेल. यंत्र जुनं आहे. तुम्ही दवाखान्याला पुन्हा पाठवणारच आहात, तर त्या एकाची एवढी काळजी करू नये.

लारूसी


ट्युनिस, बुधवार, १८ जानेवारी, सकाळी साडेनऊ
फॅक्सने

सी लारूसी,

काल संध्याकाळी मबरूकाने हिरवं बटण दाबलं. बाराही रिपोर्ट दवाखान्यात पोचले. या वेळी मी फोन करून एकेक नाव वाचून घेतलं.

बारावा जो आहे, तो बघून तिथल्या डॉक्टरांनी मबरूकाला लगेच त्या माणसाला शोधायला सांगितलं. तो माणूस रिपोर्टसाठी दोनदा येऊन गेला होता. "अजून आला नाही" असं ऐकून दुसऱ्यांदा म्हणाला, "वाईट असता तर लवकर आला असता," आणि परत आलाच नाही. फोन लागत नाही. नदीकाठच्या डाळिंबाच्या मळ्यात राहतो. दवाखान्याची गाडी एका बाळंतिणीला घेऊन बेजाला गेली आहे.

रुग्णाचं नाव लिहायची मला परवानगी नाही. आडनाव तुमचंच आहे, एवढं लिहिते. मी मबरूकाला विचारलं, ती म्हणाली, "सख्खा भाऊ आहे. पण त्याला सांगून उपयोग नाही, नऊ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत." तरी मी तुम्हाला लिहिते आहे. डॉक्टरांचे शब्द असे आहेत: आज, उद्या नाही.

तुम्ही हे वाचलंत की कोऱ्या कागदावर फक्त 'वाचलं' असं लिहून पाठवा.

दोर्साफ


टेस्तूर, १८ जानेवारी
फॅक्सने

वाचलं.


टेस्तूर, मंगळवार, २४ जानेवारी
फॅक्सने, तीन पानं

दोर्साफ, पोरी,

तुझ्याशी खोटं बोललो. रीळ संपलं नव्हतं.

तो कागद सहा तारखेला आला. नाव बघितलं, तिजानी बिन सालह झ्वारी. बाकीचे मी खरंच पालथे ठेवले, हा वाचला. आकड्यांतलं मला काही कळत नाही, पण क्रिएटिनिनच्या पुढचा एक आकडा तीन आहे की आठ, हे दिसत नव्हतं, इतका तो पुसट होता. मी तो तीन आहे असं धरून चाललो. तीन चांगला की वाईट, तेही मला माहीत नव्हतं. खाली एक ओळ होती, डॉक्टरांना त्वरित भेटावे. ती अगदी स्पष्ट होती.

कागद डब्यात टाकला नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आधी वाटलं, मीच नेऊन देईन. मग वाटलं, त्याने काय म्हणावं, नऊ वर्षांनी आला तो माझं रक्त वाचून. मग तुला पत्र लिहिलं तेव्हा अकरा लिहिले, आणि एकदा अकरा लिहिल्यावर दवाखान्यातही अकराच द्यावे लागले. असे बारा दिवस गेले. कोट रोज घालत होतो.

आमचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला मी नुसता दुष्ट वाटणार नाही. २००२ च्या ऑगस्टात आमची आई तिजानीकडे मळ्यात वारली. मी दुकानाचं सामान आणायला ट्युनिसला गेलो होतो. कळल्यावर निघालो, वाटेत मजेझहून त्याच्या मोबाइलवर फोन केला. त्याने उचलला. मी म्हटलं, तासा-दीड तासात पोचतो, मी येईपर्यंत थांबा. पोचलो तेव्हा लोक कबरस्तानातून परत येत होते. त्याला विचारलं, तर म्हणाला, फोन आला पण तुझा आवाजच आला नाही. मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. तेव्हापासून बंद.

तुझा फॅक्स आला तेव्हा महर्जियाने तो माझ्याआधी वाचला. ती शेजारच्या अझ्झदीनला जाऊन सांगून आली की गाडी काढ.

मळ्याच्या वाटेवर चिखल होता, शेवटचा अर्धा मैल चालत गेलो. कुत्रा अंगावर आला. मी त्याला तिजानीच्या जुन्या कुत्र्याच्या नावाने हाक मारली, पण नऊ वर्षांत कुत्रा बदललेला. त्याची बायको झोहरा दाराशी आली. म्हणाली, "सी लारूसी, कुणी वारलं का?"

तिजानी शेगडीपाशी बसला होता. बुटांच्या नाड्या सोडलेल्या, पाय सुजून भोपळे झालेले. तोंड मातीच्या रंगाचं.

"बस," म्हणाला. जसा काही मी काल येऊन गेलो होतो.

"बसायला आलो नाही. ऊठ, दवाखान्यात जायचंय."

"तुला कुणी सांगितलं?"

मी कोटातून कागद काढून दिला. त्याने चष्मा शोधला, वाचला, वरची तारीख बघितली.

"हा सहा तारखेचा आहे."

"हो."

"आज अठरा."

"हो."

"तुझ्याकडे कधी आला?"

"सहाला."

झोहराच्या हातात चहाची किटली होती, ती तिने खाली ठेवली. मला वाटलं आता तो मला हाकलेल, आणि हाकललं असतं तर मी बोललो नसतो. त्याने कागदाची घडी घातली. मग झोहराला म्हणाला, "माझा चांगला कोट दे." उठताना त्याला उठवेना. मी एक हात धरला, तिने दुसरा. चिखलातून गाडीपर्यंत तो माझ्या खांद्यावर भार टाकून आला.

टेस्तूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि अझ्झदीनच्याच गाडीतून आम्हाला ट्युनिसला मोठ्या इस्पितळात पिटाळलं. तिथे तरुण डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदय कधीही थांबलं असतं. रात्रीच रक्त धुण्याच्या यंत्रावर घेतलं. कागदावरचा तो पुसट आकडा आठ होता.

तो जगला. मूत्रपिंडं मात्र गेल्यात जमा आहेत. आधी आणलं असतं तर काही वाचलं असतं का, असं मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रोग वर्षांचा आहे, बारा दिवसांचा नाही. पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, फाइलीत बघून म्हणाल्या.

तुझ्या मॅडमना हिशोब हवा होता. तो असा आहे.

लारूसी


ट्युनिस, शुक्रवार, २७ जानेवारी
फॅक्सने

सी लारूसी,

तुम्हाला माहीत नसेल, पण तुमचे फॅक्स ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकाच पेटीत येतात आणि ती पेटी आम्हा तिघांपुढे उघडते. तुमची तीन पानं माझ्याआधी मॅडमनी वाचली. त्यांनी मला आत बोलावलं, पानं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "या माणसाने स्वतःची चूक लिहून दिली. आपली कुठली होती?"

ती माझी होती. कंपनीच्या यादीत काही बिघडलं नव्हतं. दोन जानेवारीला जुन्या वहीतले दोनशे दहा नंबर मी एका दुपारीत कॉम्प्युटरवर चढवले. तपासून झाले का, असं विचारलं तेव्हा हो म्हणाले. तपासले नव्हते. तुम्हाला 'यादीत नंबर चुकीचा पडला' असं लिहिलं, जसा काही तो आपला आपण पडला. हे सगळं मी मॅडमना सांगितलं.

आणखी एक आहे, ते मला त्यांनी सांगितलं. एवढा वाईट आकडा आला की आमच्या डॉक्टरांनी फोन करायचा असतो. त्या दिवशी केला होता. दवाखान्याची लाइन लागली नाही. मग त्यांनी माझ्या पडद्यावर 'पोचले' बघितलं आणि रिपोर्टवर लिहिलं, 'फॅक्सने कळवले'. माझ्या हिरव्या अक्षरांवर त्यांनी विश्वास ठेवला.

नोकरी राहिली आहे. लेखी ताकीद मिळाली. दोनशे दहाही नंबरांवर मी स्वतः फोन करते आहे, एकशे चाळीस झाले. आणखी दोन चुकीचे निघाले, सूसमधली एक शिवणकाम करणारी बाई आणि एक बंद पडलेलं हॉटेल. इंटरनेट फॅक्सच्या सेटिंगमध्ये 'साधी' आणि 'बारीक' अशा दोन छपाया असतात. मी साधीवर ठेवलं होतं, कारण ती लवकर जाते. साधीत तीन आणि आठ सारखे दिसतात. आता बारीकवर आहे. एकेका पानाला दुप्पट वेळ लागतो, लागू दे.

तुमचे बारा दिवस तुम्ही मोजता. त्यातले पहिले सहा माझ्याही नावावर आहेत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हिशोब पूर्ण असावा म्हणून लिहिते.

ते कसे आहेत, कळवा.

दोर्साफ


बेजा, मंगळवार, २१ फेब्रुवारी

दोर्साफ,

हे गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे, दुकानात गेल्यावर यंत्रात घालीन. तिजानीला आठवड्यातून तीनदा बेजाच्या सेंटरात रक्त धुवायला आणावं लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या दिवशी दुकान महर्जिया बघते. तेलाच्या घाण्याच्या मालकाला ती म्हणाली, "आता फॅक्स मीच पाठवते, आणि पाठवल्यावर फोन करून विचारते, तेव्हा चार दिनार जास्त पडतील." दिले त्याने.

सूज उतरली. मीठ बंद, डाळिंब बंद, खजूर बंद. डाळिंबाच्या मळ्यात राहून डाळिंब बंद, याचा त्याला फार राग आहे. झोहरा कुलूप लावते. वाटेत शेअर टॅक्सीत आम्ही पहिले दोन आठवडे हवेवर बोलत होतो. पाऊस, मग थंडी, मग पुन्हा पाऊस. तेवढ्यावर दोन आठवडे निघतात.

आज हाताला सुया लावल्या, नर्स गेली. तो छताकडे बघत होता. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, दोनशे दहा नंबरांचं. तो हसला. म्हणाला, "ती पोरगी बरी आहे." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपला.

मग म्हणाला, "लारूसी, तुझा आवाज आला होता."

मी विचारलं, "कधी?" मला माहीत होतं कधी ते.

"मजेझहून. तू म्हणालास, थांबा. स्पष्ट आला होता."

"मग?"

"शेवटचे तीन महिने आई तुझ्याबद्दल विचारत होती. तू मळ्यात दोनदा आलास. मी रोज तिला उचलून उन्हात बसवत होतो आणि ती विचारायची, लारूसी आला का. तुझा फोन आला तेव्हा माझ्या मनात आलं, आता तू कळ सोस. इमाम म्हणत होते, ऊन फार आहे, लवकर करू. मी त्यांना सांगितलं नाही की तू वाटेत आहेस."

यंत्र त्याच्या शेजारी गुरगुरत होतं. त्याचं रक्त नळीतून जात होतं आणि येत होतं.

नऊ वर्षं मला वाटायचं, हे त्याने एकदा कबूल केलं की मी काय काय बोलेन. दुकानात एकटा असताना मी ते बोलूनही बघितलं होतं. आज मी त्या दोन वेळा मोजल्या. दोनदाच गेलो होतो, हे खरं आहे. दुकानात तेव्हा रांगा लागायच्या.

मी म्हटलं, "ती शेवटी काय म्हणाली?"

हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायला आमचं बोलणंच नव्हतं. त्याने सांगितलं. दोन वाक्यं होती. एक माझ्याबद्दल होतं. ते इथे लिहीत नाही, तुझ्या पेटीत तीन माणसं वाचतात.

आता तो खरंच झोपला आहे. अजून दीड तास आहे. नर्सने मला खुर्ची आणून दिली.

लारूसी